लंडन किती लांब आहे?

मागच्या रविवारी नेहमीप्रमाणे आजीला फोन लावला. ती साताऱ्याला, मी ऑनसाईटच्या कृपेने लंडनला. जेवलास का, थंडी किती, स्वयंपाक कोण करतं हे सगळे नेहमीचे प्रश्न झाल्यावर तिने एकदम विचारलं, "अरे, लंडन नक्की किती लांब आहे रे?"

मी म्हटलं, "नऊ-दहा तास."

"तास नको सांगू. लांब किती ते सांग."

आता इंजिनीअर माणसाला असं विचारलं की तो गप्प बसत नाही. वीकांताला कपडे धुवायचे होते, ते राहिले बाजूला आणि मी लॅपटॉप उघडून बसलो. दहा ओळींचा प्रोग्रॅम. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घाला, पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर धरा, उत्तर तयार: सुमारे ७,२०० किलोमीटर. हे अंतर म्हणजे पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला तर जेवढा लागेल तेवढं. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टीने रेघ मारली तर ती ओमान, इराक, तुर्कस्तान अशी जाते. गोलावरचा दोरा मात्र उत्तरेकडे फुगतो.

एवढ्यावर थांबलो असतो तर कपडे धुऊन झाले असते. पण मला खाज सुटली की हा दोरा नक्की कशाकशावरून जातो ते बघू. म्हणून अंतराचे आठ सारखे तुकडे केले आणि प्रत्येक टप्प्याचा बिंदू नकाशावर टाकला. पहिला बिंदू, म्हणजे मुंबईपासून नऊशे किलोमीटरवरचा, बघून मी दोनदा आकडे तपासले. २५ अंश उत्तर, ६७ अंश पूर्व. कराची! जवळपास वगैरे नाही, अगदी शहराच्या डोक्यावर. दुसरा बिंदू इराण आणि अफगाणिस्तानच्या सीमेपाशी. तिसरा कास्पियन समुद्राच्या दक्षिणेला इराणात. बरोबर मधला आर्मेनिया-जॉर्जियाच्या हद्दीवर. पाचवा क्रायमियात. सहावा पश्चिम युक्रेनमध्ये. सातवा आणि आठवा मात्र सज्जन, एक दक्षिण पोलंडमध्ये आणि दुसरा थेट हीथ्रो. (खरं तर पोलंड आणि हीथ्रोच्या मधे जर्मनी येतो, आणि बारीक मोजलं तर माझा "सातवा" पोलंडच्या पश्चिमेला जर्मन-चेक सीमेवर पडतो. पोलंड सहा आणि सातच्या मधे. असो, इंजिनीअर आहे, चूक सुधारून पुढे जातो.)

ही यादी वाचून तुमच्याही मनात तेच आलं असेल. गेल्या काही वर्षांत ज्या ज्या नावांवरून बातम्या भरल्या, ती सगळी या एका दोऱ्यावर ओवलेली आहेत. मग मला वाटायला लागलं की आजीने विचारलेला प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. ७,२०० किलोमीटर हा आकडा शिवाजी महाराजांच्या काळातही तेवढाच होता. बदलत राहिलं ते दुसरंच काहीतरी.

सुरुवात शिडाच्या जहाजांपासून करायची तर केप ऑफ गुड होपला वळसा, म्हणजे अख्खा आफ्रिका खंड उजव्या हाताला ठेवून पाच-सहा महिने. त्यात सांगण्यासारखं फार नाही. वारा असेल तर जायचं, नसेल तर बसायचं. मजा सुरू होते वाफेपासून.

'ह्यू लिंडसे' नावाची आगबोट मुंबईच्या गोदीत बांधलेली. २० मार्च १८३० ला ती मुंबईहून सुएझकडे निघाली. तिथून पुढे जमिनीवरून अलेक्झांड्रिया गाठून भूमध्य समुद्रातून टपाल विलायतेला न्यायचं अशी कल्पना. अडचण एकच: बोटीत जेवढा कोळसा मावत होता त्याने जेमतेम पाच-साडेपाच दिवस इंजिन चाललं असतं, आणि पहिलाच थांबा एडन. मग केबिनपासून मिळेल त्या कोपऱ्यात कोळसा भरला. अकरा दिवसांनी एडनला पोचली तेव्हा काही तासांपुरताच कोळसा उरला होता. सुएझला पोचायला एकूण बत्तीस-तेहतीस दिवस लागले, आणि त्यातले प्रत्यक्ष इंजिन चालू असलेले दिवस किती? एकवीस! बाकीचे सगळे ठिकठिकाणी कोळसा भरण्यात गेले.

नेटवर्कवाल्यांना हे लगेच कळेल. वायर किती लांब आहे याला फार अर्थ नसतो, मधे किती हॉप आहेत आणि प्रत्येक हॉपवर किती वेळ खोळंबा होतो यावर सगळं ठरतं. इंग्रजांना ते आपल्या आधी कळलं होतं. जानेवारी १८३९ मध्ये त्यांनी एडनच ताब्यात घेतलं. कारणं अनेक दिली गेली, पण कोळशाचा साठा हे त्यातलं मोठं कारण. त्यानंतर किती तरी वर्षं एडनचा कारभार मुंबई इलाख्यातून चालत होता.

त्याच १८३९ साली आमच्या साताऱ्यात प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी गादीवरून काढलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले. शाळेत हे नाव एका ओळीत येऊन जातं. पण इथे राहायला लागल्यापासून मला त्यांचा विचार बरेचदा येतो. हा माणूस तेरा-चौदा वर्षं या शहरात राहून कंपनीच्या दारात खेटे घालत होता. १८४७ मध्ये महाराज काशीला वारले. तार नव्हती. म्हणजे ही बातमीही बोटीनेच आली असणार, आणि ती येईपर्यंतच्या त्या आठवड्यांत रंगो बापूजी जिवंत नसलेल्या अशिलाची वकिली करत असणार. १८४८ ला तर संस्थानच खालसा झालं. तरी ते १८५३ पर्यंत इथेच. आमची इथे क्लायंटकडून एका ईमेलला दोन दिवस उत्तर नाही आलं तर आम्ही एस्कलेशन करतो.

१७ नोव्हेंबर १८६९ ला सुएझ कालवा उघडला. वर्षभरात, १८७० मध्ये, समुद्राखालच्या तारेने मुंबई लंडनला जोडली गेली. या दोन घटना लागोपाठ झाल्या म्हणून आपण त्या एकत्र पाठ करतो, पण परिणाम विचित्र झाला. माणूस जेमतेम तीन आठवड्यांवर आला आणि बातमी काही तासांवर. १९१० मध्ये सावरकरांना घेऊन 'मोरिया' १ जुलैला इंग्लंडहून निघाली, मार्सेलिसची उडी पडली ८ जुलैला, आणि मुंबई आली २२ जुलैला. उडीची बातमी जगभर पोचून, छापून, शिळी झाली तरी ज्याची बातमी तो अजून समुद्रातच होता.

आमच्या घरात याचा एक नमुना आहे. आजीचे थोरले भाऊ, आम्ही त्यांना भाऊआजोबा म्हणायचो, १९५३ साली शिकायला इंग्लंडला गेले. बॅलार्ड पिअरवरून बोट, अठरा दिवस. बोट सुटल्यावर चौथ्या दिवशी साताऱ्याला त्यांची आई गेली. वडिलांनी लंडनच्या पत्त्यावर तार केली. तार त्याच दिवशी लंडनला पोचली आणि भाऊआजोबांची वाट बघत दोन आठवडे पडून राहिली. त्यांच्या हातात पडली तेव्हा तेरावं होऊन गेलं होतं. आणि गंमत म्हणवत नाही, पण मधल्या काळात त्यांनी एडनहून आणि पोर्ट सैदहून आईला लिहिलेली पत्रं साताऱ्याला येत राहिली. आजी तेव्हा बारा वर्षांची. पोस्टमन आला की पत्र घ्यायला तीच धावायची, म्हणून ती तिच्याच हातात पडली. तिने ती वाचून वडिलांना दाखवली नाहीत. अजून तिच्या ट्रंकेत आहेत. एकात लिहिलंय की एडनला फार उकडतं आणि लोणचं संपत आलं.

विमान तेव्हा नव्हतं का? होतं की. पण तिकीट परवडायचं नाही. एअर इंडियाच्या पहिल्या उड्डाणाचं भाडं १,७२० रुपये होतं असं सांगतात. त्या काळी एवढ्या पैशात मास्तराच्या घरातलं वर्ष सहज निघालं असतं. ते उड्डाण कसं झालं ते सांगतो, पण आधी कराचीला जावं लागेल.

लंडनहून भारतात येणारी पहिली नियमित विमानसेवा इम्पीरियल एअरवेजने ३० मार्च १९२९ ला सुरू केली, आणि ती कराचीपर्यंतच होती. सात दिवस. क्रॉयडनहून विमानाने बाझल, मग चक्क आगगाडीने आल्प्स ओलांडून जिनोआ, तिथून पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने अलेक्झांड्रिया, आणि पुढे परत जमिनीवरच्या विमानाने इराक, इराणचा किनारा, कराची. "विमानसेवा" म्हणून तिकीट काढलेल्या माणसाला रात्रभर रेल्वेत बसवायचं, याला एक कारण आल्प्स आणि दुसरं इटलीच्या आकाशातून जायच्या परवानग्यांचा घोळ. इराणनेही आपल्या किनाऱ्यावरून जायची मुभा थोड्याच वर्षांपुरती दिली होती. ती संपल्यावर १९३२ मध्ये सगळा मार्गच आखाताच्या पलीकडे, अरबांच्या बाजूला हलवावा लागला, आणि शारजाच्या वाळवंटात विमानतळ आला. तिथल्या त्या जुन्या इमारतीत आज संग्रहालय आहे. वाट बंद झाली की कुणाचं तरी नशीब उघडतं ते असं.

कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती. सिंध वेगळा झाला १९३६ ला. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा एका चिमुकल्या पुस मॉथ विमानात पंचवीसेक किलो टपाल घेऊन कराचीच्या ड्रिग रोडवरून उडाले, अहमदाबादला उतरून बैलगाडीतून आणलेलं पेट्रोल भरलं आणि दुपारी जुहूला उतरले. ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या डोक्यात मात्र आता तो पहिला बिंदू होता. टाटांनी ज्या टप्प्यावर विमान कंपनी सुरू केली तो मुंबई-लंडनच्या सरळ दोऱ्याचा बरोबर पहिला अष्टमांश आहे.

त्याच्या दोन वर्षं आधीची गोष्ट मला जास्त आवडते. इंग्लंड आणि भारत यांच्यामधलं अंतर एकट्याने उडून पार करणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखानांनी ५०० पौंडांचं बक्षीस लावलं होतं. टाटा इकडून निघाले, सतरा वर्षांचा अ‍ॅस्पी इंजिनीअर तिकडून. इजिप्तमध्ये अबूकीरला दोघांची गाठ पडली. अ‍ॅस्पी स्पार्क प्लगवाचून अडकून पडला होता. टाटांनी आपल्याकडचे जास्तीचे प्लग त्याला देऊन टाकले. बक्षीस अ‍ॅस्पीने जिंकलं :-) पुढे तोच भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

८ जून १९४८. 'मलबार प्रिन्सेस' नावाचं कॉन्स्टेलेशन जातीचं विमान, पस्तीस प्रवासी, सांताक्रूझहून कैरो, जिनिव्हा आणि १० जूनला लंडन. ताशी पाचशेच्या आसपास वेग. म्हणजे एकोणीस वर्षांत सात दिवसांचे दोन झाले, बोटीचे अठरा दिवस चालू असतानाच.

पण हॉपची किंमत फक्त वेळेत मोजायची नसते. ३ नोव्हेंबर १९५० ला हेच मलबार प्रिन्सेस जिनिव्हाला उतरायला खाली येताना माँ ब्लाँवर आदळलं. अठ्ठेचाळीस जण गेले, त्यातले बहुतेक इंग्लंडला बोटीवर कामाला निघालेले भारतीय खलाशी. २४ जानेवारी १९६६ ला मुंबईहून दिल्ली, बैरुत, जिनिव्हा करत लंडनला चाललेलं बोईंग ७०७ 'कांचनगंगा' त्याच डोंगरावर, जवळपास तिथेच आपटलं. शिखर मागे पडलं असं समजून विमान खाली यायला लागलं होतं. एकशे सतरा माणसं. त्यात होमी भाभा. ते व्हिएन्नाच्या बैठकीला चालले होते. भाभांच्या अपघाताभोवती कटाच्या गोष्टी भरपूर फिरतात आणि मी इंजिनीअरिंगला असताना होस्टेलवर त्या रात्र-रात्र चघळल्यात. आता मला सोळा वर्षांच्या अंतराने त्याच डोंगराला धडकलेली दोन विमानं दिसतात, आणि दोघांच्याही वेळापत्रकात असलेलं जिनिव्हा. हिमनदी वितळते तसं अजूनही सामान वर येतं. २०१२ मध्ये भारत सरकारच्या टपालाची पिशवी सापडली. २०२० मध्ये १९६६ ची वर्तमानपत्रं, पहिल्या पानावर इंदिरा गांधी निवडून आल्याची बातमी.

१९६० मध्ये जेट आलं, १९७१ मध्ये जंबो, आणि हळूहळू मधले थांबे गळून पडले. ताशी नऊशेने ७,२०० म्हणजे आठ तास, वर चढ-उतार धरून नऊच्या आत. वाटलं, संपली गोष्ट, आता दोरा सरळ झाला.

आणि मग आकाशाला दारं आहेत हे परत कळलं. १९७१ मध्ये 'गंगा' विमानाच्या अपहरणानंतर भारत-पाकिस्तानचं आकाश एकमेकांना बंद झालं ते १९७६ पर्यंत. संसदेवरच्या हल्ल्यानंतर १ जानेवारी २००२ पासून परत बंद, दोन वर्षं. २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत. २४ एप्रिल २०२५ ला भारतीय विमानांना परत मज्जाव, आणि मग महिन्यामहिन्याने मुदतवाढ. म्हणजे माझ्या दोऱ्याचा पहिलाच बिंदू गेला. पाचवा आणि सहावा २४ फेब्रुवारी २०२२ ला गेले होते, युक्रेनचं आकाश बंद झालं तेव्हा. १३ जून २०२५ ला इराणचंही बंद झालं. त्या दिवशी मुंबईहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान तीनेक तास उडून मुंबईलाच परत आलं, आणि लंडनहून मुंबईला येणारं व्हिएन्नाला उतरलं. कैरो-जिनिव्हाच्या जमान्यात निदान विमान पुढे तरी जायचं!

गंमत म्हणजे मुंबईकरांचं यात फार बिघडत नाही. पाकिस्तान टाळून ओमान-आखात-इराक-तुर्कस्तान असं गेलं की आपण जवळपास भिंतीवरच्या नकाशातल्या त्या पट्टीच्या रेघेवर येतो, आणि ती मोजली तर दोनेकशे किलोमीटरच जास्त भरते. हाल होतात ते दिल्लीवाल्यांचे, त्यांना लंडनला जायला आधी गुजरातच्या बाजूला खाली यावं लागतं. आणि बंदी फक्त भारतीय विमानांना असल्याने ब्रिटिश विमान कराचीवरून जाऊ शकतं. एकच शहर, एकच गंतव्य, शेजारी शेजारी उभी दोन विमानं, आणि शेपटीवरच्या झेंड्याप्रमाणे वाट वेगळी. असला राउटिंग टेबल आमच्याकडे कुणी लिहिला तर कोड रिव्ह्यूत मार खाईल.

एक गोष्ट राहिली. १५ ऑक्टोबर १९८२ ला, पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली म्हणून, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जे. आर. डी. परत कराचीला गेले आणि जुन्या लेपर्ड मॉथ विमानातून एकटे मुंबईला उडत आले. तीन युद्धं होऊन गेलेल्या दोन देशांनी ते होऊ दिलं.

या रविवारी आजीला फोन केला. म्हटलं, "सात हजार दोनशे किलोमीटर. बघ, काढलं मोजून."

"म्हणजे किती ते मला काय कळणार? हे सांग, तू दारातून निघालास की माझ्या दारात किती वेळात येशील?"

मग परत हिशेब. घरून हीथ्रो दीड तास, तिथे तीन तास आधी, विमान नऊ (येताना वारा पाठीशी असतो म्हणून जरा कमी), मुंबईत बाहेर पडायला दीड, आणि मुंबई ते सातारा सहा. एकवीस. त्यात विमानाचा वाटा निम्म्याहूनही कमी.

"एकवीस तास," मी म्हटलं. "वाटेत काही बंद नसलं तर."

"आणि असलं तर?"

"चोवीस धर."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. पलीकडून भांड्यांचा आवाज येत होता.

"चोवीस. बरं," म्हणाली, आणि नळाला पाणी आलं म्हणून फोन ठेवला.